दफ्तरदाराचें शिक्षण

आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकीं एका भगिनींच्या पत्रास ह्या महिन्यांत सविस्तर उत्तर देण्याचें आम्हीं योजिलें आहे. ह्या बाई एकत्र कुटुंबांतील मोठ्या सून असून पत्र त्यांनीं आपल्या धाकट्या जावेविषयीं लिहिलें आहे. धाकट्या जाऊबाई बी. एस्सी. झालेल्या. मुलगा शाळेंत जाऊं लागल्यावर त्यांना, कित्येक पतपेढ्यांचे हिशेब संगणकावर सांभाळणाऱ्या एका कार्यालयांत, नोंदी तपासण्याची जागा मिळाली. आतां तेथील डेटाबेस सांभाळणारे गृहस्थ वर्षअखेर निवृत्त होणार आहेत आणि तें काम शिकून घेण्याविषयीं कार्यालयानें ह्यांनाच विचारलें आहे. घरांत आनंद झाला. त्याच्या पाठोपाठ गोंधळही आला. मामंजींनीं एका खासगी वर्गाची चौकशी केली, तेव्हां सहा महिन्यांचे पाऊण लाख रुपये असें समजलें. मुंबईच्या भावजींनीं मोबाईलवर साठ व्याख्यानांची यादी पाठविली. पुतण्यानें पुण्यास अप्पा बळवंत चौकांतून चार जाडजूड पुस्तकें निम्म्या किमतीस आणलीं. ‘ह्यांतलें काय ठेवावें नि काय परत करावें हें आम्हां कोणासच उमगत नाहीं, आणि काम तर लोकांच्या ठेवींचें आहे,’ असें लिहून बाईंनीं आमचा सल्ला मागितला आहे.

ठेवींचा हा उल्लेख त्यांनीं सहज केला असेल. आम्हांस मात्र साऱ्या प्रश्नाची किल्ली त्यांतच दिसते. आमचें स्वतःचें शिक्षण मॅट्रिक आणि संस्कृत पाठशाळा एवढेंच आहे. तथापि कोणतें पुस्तक विद्यार्थ्याच्या हातीं केव्हां द्यावें हा प्रश्न आम्हीं जन्मभर हाताळला आहे. शिवाय आमच्या घरांतील एक तरुण हेंच काम शिकत असतांना, त्याच्या शेजारीं बसून ह्या विषयाचे ग्रंथ आम्हीं बारकाईनें पाहिले आहेत. त्या जोरावर पुढील मजकूर लिहीत आहों.

प्रथम काम कोणतें तें नीट समजून घ्यावें. कित्येकांस वाटतें कीं, डेटाबेस सांभाळणारा म्हणजे संगणकाचा कार्यक्रम लिहिणारा. तसें नाहीं. कार्यक्रम लिहिणारा नोंदी घालण्याची नि काढण्याची सोय करतो. सांभाळणाऱ्याचें काम तीं दप्तरें शाबूत ठेवण्याचें आहे. कोणास कोणती नोंद पाहतां यावी, कोणास बदलतां यावी, मागितलेली नोंद त्वरित कशी सांपडावी, जागा केव्हां अपुरी पडेल, आणि यंत्र बिघडलें तर सर्व कांहीं पुन्हा कसें उभें करावें, ही त्याची चिंता. जुन्या काळीं त्यास दफ्तरदारच म्हटलें असतें. पेशवे दफ्तरांतील मोडी कागदांचे रुमाल वाचकांनीं ऐकिले असतील. रियासतकार सरदेसाई ह्यांनीं त्यांतून निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले, ते कागद कोणीतरी पिढ्यान् पिढ्या जपून, बांधून, जागच्या जागीं ठेवले होते म्हणून. जपणाऱ्यांचीं नांवें आज कोणास ठाऊक नाहींत. डेटाबेसच्या कारभाऱ्याचेंही तसेंच आहे. त्याचें नांव निघतें तें बहुधा कांहीं हरवल्यावरच.

आतां साधनांकडे वळूं. नवशिक्याचा पहिला गोंधळ असा कीं, ओरॅकल, मायएस्क्यूएल, मायक्रोसॉफ्टचा एस्क्यूएल सर्व्हर, पोस्टग्रेस अशीं अनेक नांवें कानीं येतात आणि प्रत्येकाचें थोडें थोडें शिकावें असें वाटूं लागतें. ह्या सर्वांचें मूळ एकच आहे. एडगर कॉड ह्या आय. बी. एम. कंपनींतील संशोधकानें १९७० सालीं एक निबंध लिहून, माहिती साध्या कोष्टकांच्या रूपानें मांडावी आणि कोष्टकांचा परस्परसंबंध गणिताच्या नियमांनीं ठरवावा, हा विचार जगापुढें ठेविला. हीं सारीं त्या विचाराचीं अपत्यें होत. परंतु सख्ख्या भावंडांच्याही घरच्या रीति वेगळ्या असतात. म्हणून जें आपल्या कार्यालयांत चालतें तेंच आधीं शिकावें. बाईंनीं कार्यालयांत पोस्टग्रेस असल्याचें कळविलें आहे, हें उत्तम झालें. ही प्रणाली १९८६ सालीं अमेरिकेंत बर्कले येथील विद्यापीठांत मायकेल स्टोनब्रेकर ह्यांच्या देखरेखीखालीं सुरू झाली. आज ती कोणासही विनामूल्य वापरतां येते आणि तिची संपूर्ण मार्गदर्शिकाही विनामूल्य मिळते. ज्यांच्यापुढें अजून कोणतेंच कार्यालय नाहीं अशा विद्यार्थ्यांनींही हिच्यापासूनच आरंभ करावा असें आमचें मत आहे.

पुतण्यानें आणलेल्या चार पुस्तकांचीं नांवें पत्रांत आहेत. त्यांचा निकाल आम्ही वेगवेगळा देतों, कारण पुस्तक जुनें असणें हा सर्वत्र सारखा दोष नव्हे.

पहिलें पुस्तक पोस्टग्रेसच्या कारभाराचें आहे, पण नवव्या आवृत्तीचें. तें परत करावें. ह्या प्रणालीची मोठी आवृत्ति बहुधा दर वर्षीं निघते आणि प्रत्येकीस पांच वर्षेंच दुरुस्त्या मिळतात. मधल्या काळांत घरांतल्या वस्तूंच्या जागा बदलतात. एकच उदाहरण देतों. पूर्वीं राखीव प्रतीवरून दप्तर उभें करतांना ‘रिकव्हरी डॉट कॉन्फ’ नांवाची एक फाईल लिहावी लागे. सर्व जुन्या पुस्तकांत तिच्यावर प्रकरणेंच्या प्रकरणें आहेत. २०१९ सालीं निघालेल्या बाराव्या आवृत्तींत ही फाईल रद्द झाली. नुसती रद्द झाली असें नव्हे, ती फाईल तेथें दिसली तर सर्व्हर सुरूच होत नाहीं. म्हणजे जुन्या पुस्तकाबरहुकूम वागणारा विद्यार्थी, नेमक्या संकटाच्या वेळीं, पुस्तकांत सांगितलें तेंच करून अडून बसेल.

दुसरी गोष्ट याहून बोधप्रद आहे. पोस्टग्रेस कोणताही बदल मूळ कोष्टकांत पक्का करण्याआधीं एका क्रमवार वहींत लिहून ठेवतो. आपल्या हिशेबाच्या भाषेंत बोलावयाचें तर कोष्टकें ही खतावणी, आणि ही वही म्हणजे रोजकीर्द. वीज गेली, यंत्र मध्येंच बंद पडलें, तरी रोजकीर्दीवरून खतावणी पुन्हा जुळवितां येते. ही रोजकीर्द ज्या कप्प्यांत असे त्याचें नांव पूर्वीं ‘पीजी-एक्सलॉग’ होतें. ‘लॉग’ हा शब्द पाहून कित्येकांनीं, ह्या जुन्या किरकोळ टांचणांनीं जागा व्यापली आहे अशा समजुतीनें, कप्पाच साफ केला आणि दप्तर गमावलें. अखेर २०१७ सालीं दहाव्या आवृत्तींत त्या कप्प्याचें नांव बदलून ‘पीजी-वॉल’ करावें लागलें. नवशिक्याच्या पुस्तकांत हें जुनें नांव आढळलें तर पुस्तकाचें वय लगेच कळतें; मुखपृष्ठ कितीही कोरें करकरीत असो.

दुसरें पुस्तक ओरॅकलचें आहे. पुस्तक वाईट नाहीं, पण तूर्त तें माळ्यावर असूं द्यावें. तिसरें म्हणजे परीक्षेंत येणारे प्रश्न आणि त्यांचीं उत्तरें. शाळेंत असतांना अशा ‘अपेक्षित’ प्रश्नसंचांशीं आमचा बराच संबंध आला आहे आणि त्यांच्या लेखकांविषयीं आमच्या मनांत फारसा आदर उरलेला नाहीं. रात्रीं दोन वाजतां बंद पडलेला सर्व्हर चार पर्याय पुढें करीत नाहीं. तेंही परत.

चौथें पुस्तक मात्र सर्वांत जुनें असून आम्ही तेंच ठेवण्यास सांगतों. तें ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’, लेखक सिल्बरशाट्झ, कॉर्थ आणि सुदर्शन. ह्यांतील प्रा. सुदर्शन हे आपल्या पवई येथील आय. आय. टी.चे. ह्या ग्रंथाची सातवी आवृत्ति २०१९ सालीं निघाली. पुतण्यानें आणलेली पूर्वीची आहे. कांहीं बिघडत नाहीं. त्यांत आज्ञा कमी आणि तत्त्वें अधिक आहेत, आणि तत्त्वें सावकाश म्हातारीं होतात. सर्व ग्रंथ वाचण्याची गरज नाहीं. कोष्टकें कशीं पाडावीं, एका व्यवहाराचे अनेक भाग एकत्र पूर्ण व्हावेत अथवा एकही होऊं नये हें कसें साधतात, दोघांनीं एकाच वेळीं एकच खातें हाताळलें तर काय होतें, आणि बिघाडानंतर पूर्वस्थिति कशी येते, एवढीं प्रकरणें आधीं वाचावींत.

कोष्टकें पाडण्याचें प्रकरण नवशिक्यास रुक्ष वाटतें, पण आमच्या संस्कृतज्ञ वाचकांस तें वाटूं नये. पाणिनीनें एका सूत्रांत सांगितलेलें पद पुढील सूत्रांत पुन्हा सांगितलें नाहीं. तें अनुवृत्तीनें घ्यावयाचें. म्हणून सुमारें चार हजार सूत्रांत सारी भाषा बसली. डेटाबेसमध्येंही ठेवीदाराचा पत्ता एकदांच, एकाच जागीं लिहावयाचा. त्याचीं पांच खातीं असलीं तरी प्रत्येक ठिकाणीं पत्ता न लिहितां केवळ त्याचा क्रमांक द्यावयाचा. पत्ता पांच जागीं लिहिला तर घर बदलल्यावर चार जागीं दुरुस्त होतो आणि पांचवा जुनाच राहतो. ही उपमा येथेंच थांबविलेली बरी. अनुवृत्ति कोठें संपते ह्यावर पंडितांचे वाद आहेत. खातेक्रमांकावर तसले वाद परवडणार नाहींत.

ह्या तत्त्वांवर व्याख्यानेंच ऐकावयाचीं तर भावजींच्या साठांपैकीं अठ्ठावन्न बाजूस ठेवावींत. आय. आय. टी. आणि बंगळूरची विज्ञानसंस्था मिळून चालविणाऱ्या ‘एन्‌-पी-टेल’ ह्या उपक्रमांत खरगपूरच्या प्रा. पार्थप्रतिम दास ह्यांची डेटाबेसवरील पूर्ण व्याख्यानमाला आहे. ऐकण्यास पैसे पडत नाहींत, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवें असेल तरच शुल्क. ज्यांचें इंग्रजी अजून अडखळतें त्यांनीं पवईच्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमांतील लिनक्सचे मराठी पाठ पाहावेत, कारण सर्व्हर बहुधा लिनक्सवर चालतात आणि डेटाबेस शिकूं पाहणारा अर्ध्या वाटेंत अडतो तो बहुतेक लिनक्सच्याच उंबऱ्यावर. उरलेलीं व्याख्यानें दहा मिनिटांत अमुक, एका रात्रींत तमुक, अशा थाटाचीं दिसतात. त्यांच्या वाटेस जाऊं नये.

मुख्य ग्रंथ मात्र मार्गदर्शिका. ती छापल्यास तीन हजार पानांच्या आसपास भरेल. हा आंकडा ऐकून घाबरण्याचें कारण नाहीं. पाठशाळेंत आलेल्या मुलास कोणी पहिल्याच दिवशीं महाभाष्य देत नाहींत. वरदराजांची लघुकौमुदी देतात. ह्या मार्गदर्शिकेंतही आरंभीं एक छोटा प्रवेशपाठ आहे, तीच तिची लघुकौमुदी. तो दोन-तीन दिवसांत करावा. त्यानंतर दुसरा भाग, म्हणजे एस्क्यूएल भाषा, हवा तसा चाळीत, थेट तिसऱ्या भागाकडे जावें. तो सर्व्हरच्या कारभाराविषयीं आहे. त्यांतील राखीव प्रत आणि पुनःस्थापना, नित्याची देखभाल, व वापरकर्त्यांचे अधिकार हीं प्रकरणें ओळ न् ओळ वाचावींत, जवळ वही घेऊन. आपल्या कार्यालयांत कोणती आवृत्ति चालते हें विचारून त्याच आवृत्तीची मार्गदर्शिका उघडावी. प्रत्येक आवृत्तीची वेगळी असते आणि पानाच्या माथ्यावर क्रमांक लिहिलेला असतो. ह्या ग्रंथाची भाषा कोरडी आहे हें खरें. पण तो थापा मारीत नाहीं, आणि काय होत नाहीं तें स्पष्ट सांगतो. हा गुण वर्गांच्या जाहिरातींत विरळा.

आतां आमच्या मुख्य म्हणण्याकडे येतों. कोणतेंही साधन, पुस्तक असो, व्याख्यान असो वा वर्ग असो, निवडतांना एकच कसोटी लावावी : तें दप्तर मोडून पुन्हा उभें करावयास शिकवितें काय? नवें कोष्टक कसें करावें हें सारेच शिकवितात. राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, कसा घ्यावा हेंही बरेच शिकवितात. तो बॅकअप परत चढवून, आंतील नोंदी मोजून, जुळवून दाखविणारे थोडे.

ह्या थोडक्या अंतरांत केवढा अनर्थ सांठलेला असतो त्याचें एक जाहीर उदाहरण आहे. गिटलॅब ही कंपनी जगभरच्या संगणककारांचें काम आपल्या सर्व्हरवर ठेवते. ३१ जानेवारी २०१७ रोजीं रात्रीं तिचा एक कर्मचारी उशिरापर्यंत झटत होता. मुख्य डेटाबेसची दुय्यम यंत्रावरील प्रतिकृति मागें पडली होती, ती नव्यानें करण्यासाठीं दुय्यम यंत्रावरील कप्पा त्यास रिकामा करावयाचा होता. आज्ञा गेली ती मुख्य यंत्रावर. चूक ध्यानीं येऊन त्यानें क्षणार्धांत हात आवरला, परंतु सुमारें ३०० गिगाबाईटांपैकीं साडेचारच उरले होते. मग बॅकअपांचा शोध सुरू झाला. रोज घेतल्या जाणाऱ्या बॅकअपांचा साठा पाहतात तों रिकामा. कारण असें कीं, डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ ह्या आवृत्तीचा, आणि बॅकअप घेणारें ‘पीजी-डंप’ हें अवजार ९.२ चें. नवशिक्यास हे दोन आंकडे जवळजवळचे वाटतील. पण त्या काळीं ह्या दोन निराळ्या मोठ्या आवृत्त्या होत्या, आणि आपल्याहून नव्या मोठ्या आवृत्तीच्या सर्व्हरवरून प्रत घेण्याचें हें अवजार साफ नाकारतें. मार्गदर्शिकेंत हें लिहिलेलें आहे. अवजार रोज नकार देत होतें. त्या नकाराचीं पत्रेंही निघत होतीं, पण पत्रव्यवहाराच्या यंत्रणेंतील दुसऱ्या एका दोषामुळें तीं कोणास पोंचत नव्हतीं. अखेर एका कर्मचाऱ्यानें सहा तासांपूर्वीं, दुसऱ्याच कामासाठीं, हातानें घेतलेली एक प्रत सांपडली म्हणून निभावलें. तरीही सहा तासांत झालेल्या नोंदी गेल्या. सुमारें पांच हजार प्रकल्पांच्या, पांच हजार अभिप्रायांच्या आणि सातशे नव्या सभासदांच्या.

ह्या कंपनीची एक गोष्ट वाखाणण्याजोगी. तिनें कांहीं न लपवितां सर्व हकीकत, कोणत्या क्षणीं काय झालें आणि कोणता उपाय कां चालला नाहीं ह्यासह, प्रसिद्ध केली. ही हकीकत आम्ही नवशिक्याच्या अभ्यासक्रमांत मार्गदर्शिकेखालोखाल ठेवूं. ती वाचतांना प्रत्येक ठिकाणीं थांबून ‘आमच्या कार्यालयांत ह्या जागीं काय आहे?’ असें वहींत लिहावें.

वैदिक पाठांतराची योजना पाहा. संहितापाठ नुसता मुखोद्गत करून आमचे पूर्वज थांबले नाहींत. पदपाठ, क्रमपाठ, जटा, घन अशा रीतीनें तेच शब्द सुटे, जोडीनें, उलटसुलट म्हणावयाचे, म्हणजे एखादें अक्षर निसटलें तर तेथेंच पकडलें जावें. प्रत जपणें आणि प्रत तपासणें हीं त्यांनीं वेगळीं ठेविलीं नाहींत. ‘बॅकअप होतो आहे’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्याजवळ फक्त संहिता आहे.

तेव्हां सराव कसा करावा तें सांगतों. ठेवीदारांच्या खऱ्या नोंदी सरावासाठीं घरीं आणूं नयेत. कार्यालयाचा विश्वास तर आहेच, शिवाय वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेनें २०२३ सालीं केला आहे. त्याची गरजही नाहीं, कारण पोस्टग्रेसबरोबरच ‘पीजी-बेंच’ नांवाचें एक अवजार मिळतें आणि योगायोग असा कीं, तें लुटुपुटीची पेढीच मांडून देतें : एक शाखा, दहा रोखपाल, एक लाख खातीं. मागाल तर दसपट देईल. सुरुवातीस सर्वांच्या शिलका शून्य असतात. मग तें भराभर व्यवहार करूं लागतें, आणि प्रत्येक व्यवहाराची रक्कम खात्यांत, रोखपालाकडे व शाखेंत अशी तिन्ही ठिकाणीं चढते. म्हणून खात्यांची बेरीज, रोखपालांची बेरीज आणि शाखेची शिल्लक केव्हांही पाहिली तरी सारखीच आली पाहिजे. ज्या घरांत वहीखातें ठाऊक आहे त्या घरांत ह्याला ताळा म्हणतात, हें सांगणें नको.

हे व्यवहार करून, ते थांबल्यावर ताळा वहींत लिहावा. बॅकअप घ्यावा. मग मन घट्ट करून सर्व डेटाबेस पुसून टाकावा आणि घड्याळ लावून परत उभा करावा. ताळा जुळला, तर दुसऱ्या दिवशीं हेंच दुसऱ्या संगणकावर करावें. तेथें पहिली ठेच लागेल : नोंदी येतील, पण वापरकर्त्यांचीं नांवें नि परवलीचे शब्द येणार नाहींत, कारण पीजी-डंप एकाच डेटाबेसची प्रत घेतो आणि वापरकर्ते साऱ्या सर्व्हरच्या मालकीचे असतात, त्यांची प्रत ‘पीजी-डंप-ऑल’नें वेगळी घ्यावी लागते. ही गोष्ट पुस्तकांत वाचून विसरली जाते. एकदां ठेंचाळल्यावर विसरत नाहीं. पुढच्या महिन्यांत रोजकीर्दीवरून दप्तर ठराविक क्षणापर्यंत आणण्याचा प्रयोग करावा. दुपारीं चार वाजून दहा मिनिटांनीं कोणी चुकून एक कोष्टक पुसलें आहे असें समजून, चार वाजून नऊ मिनिटांची स्थिति परत आणावी. हें ज्यास जमलें तो अर्ध्याहून अधिक कारभारी झाला, असें आम्ही खुशाल म्हणूं.

वर्गाविषयीं मामंजींस आमची विनंति अशी कीं, फी भरण्यापूर्वीं एक दिवस जावेस घेऊन जावें आणि तीन प्रश्न विचारावेत. प्रत्येक विद्यार्थ्यास स्वतंत्र सर्व्हर मिळतो काय? सहा महिन्यांत तो स्वतःच्या हातानें कितीदां पुसावयाचा आणि उभा करावयाचा? शिकविणारे गृहस्थ स्वतः कधीं असल्या कामावर होते काय? उत्तरें समाधानकारक आलीं तर फी योग्यच म्हणावी. घरांत बसून एकट्यानें रेटणें सर्वांस साधतें असें नाहीं, आणि सोबतीचा उपयोग आम्ही नाकारीत नाहीं. उत्तरादाखल प्रमाणपत्राची चौकट दाखविण्यांत आली तर नमस्कार करून परत यावें. प्रमाणपत्रांनाही वय असतें. मायक्रोसॉफ्टनें आपलीं एके काळीं फार गाजलेलीं प्रमाणपत्रें जानेवारी २०२१ अखेर देणें बंद केलें. ज्या कार्यालयानें जागा देऊं केली आहे, त्यानें प्रमाणपत्र मागितल्याचें पत्रांत कोठेंच नाहीं.

संगणकास मराठींत किंवा इंग्रजींत प्रश्न विचारून आयतें उत्तर घेण्याची सोय हल्लीं झाली आहे, तिचाही उल्लेख केला पाहिजे. मार्गदर्शिकेंतील अवघड परिच्छेद सोपा करून घेण्यास ती चांगली. परंतु तिनें दिलेली आज्ञा मार्गदर्शिकेंत पडताळल्याशिवाय चालवूं नये, आणि पुसण्याची आज्ञा तर सरावाच्या यंत्राबाहेर मुळींच नाहीं. हें उत्तर कोणत्या आवृत्तीचें, हा प्रश्न तेथेंही उरतोच.

खर्च करावयाचाच तर दोन वापरलेले संगणक घ्यावेत, एक मोडावयास आणि एक त्यावरून उभा करावयास. नव्या झगझगीत यंत्राची येथें गरज नाहीं.

आणि वेळेविषयीं. बाईंनीं पत्राच्या अखेरीस ‘तिला घरीं किती मोकळीक द्यावी लागेल?’ असें मोकळेपणानें विचारलें आहे, त्याबद्दल त्यांचें कौतुक वाटतें. रोज दोन तास द्यावेत, पण सलग. दप्तर अर्धें उभें झालें असतांना कुकरच्या शिट्ट्या मोजावयास उठावें लागलें, तर तो प्रयोग फुकट जातो आणि दुसऱ्या दिवशीं पहिल्यापासून मांडावा लागतो. सकाळीं पांच ते सात हे तास सोयीचे दिसतात. तेवढा वेळ चहाचें आधण दुसऱ्या कोणी ठेवावें; तें भावजींस अथवा पुतण्यासही जमेल.

एका साधनाचा पत्रांत उल्लेख आहे, पण साधन म्हणून नव्हे. ते म्हणजे निवृत्त होणारे गृहस्थ. त्या कार्यालयाचें दप्तर त्यांच्याइतकें कोणत्याही पुस्तकास ठाऊक नाहीं. त्यांच्याकडून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : रोज रात्रीं आपोआप चालणाऱ्या कामांची यादी, आजवर काय काय बिघडलें आणि कशानें सुधारलें त्याचें टांचण, आणि बॅकअप कोठें जातो तो ठिकाणा. त्यानंतर, ते कामावर असतांनाच, कालचा बॅकअप कार्यालयांतील एका रिकाम्या यंत्रावर जाऊबाईंनीं स्वतः चढवून ताळा जुळवून दाखवावा. ते शेजारीं बसून राहतील, हात लावणार नाहींत. ताळा चुकला तर कां चुकला हें सांगणारा माणूस तोंवर खुर्चीवर आहे. वर्गाचा निर्णय दिवाळीनंतरही होईल. ह्या गृहस्थांच्या वेळेची मागणी मात्र ह्याच आठवड्यांत करावी.